अर्भकाला न पचणारी साखर

दूध गोड का लागते असे वर्गात विचारले, तर ‘त्यात साखर असते म्हणून’ असे उत्तर येते. आम्ही शिक्षक त्या साखरेचे नाव लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा, एवढे सांगून पुढच्या धड्याकडे वळतो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आईच्या दुधात दुग्धशर्करेखेरीज जटिल शर्करांचा एक मोठा समूह असतो. शास्त्रज्ञ त्यांना ऑलिगोसॅकराइड म्हणतात. लिटरमागे त्यांचे प्रमाण ५ ते १५ ग्रॅम भरते, म्हणजे जवळजवळ प्रथिनांइतके. आणि नवल असे की, ज्या अर्भकासाठी हे दूध निर्माण होते, त्याला ही साखर पचतच नाही. मग मातेच्या देहाने हा खटाटोप का करावा? या प्रश्नाचा उलगडा होण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील शहरांत वरच्या दुधावर वाढणारी अर्भके अंगावर पिणाऱ्या अर्भकांपेक्षा फार मोठ्या संख्येने दगावत. उन्हाळ्यात हगवणीची साथ आली की पाळणेच्या पाळणे रिकामे होत. म्यूनिकचे तरुण वैद्य थिओडोर एशरिख यांनी अर्भकांच्या आतड्यांतील जीवाणूंचा अभ्यास आरंभिला आणि १८८६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ‘एशरिखिया कोलाय’ या जीवाणूला त्यांचेच नाव मिळाले. १८९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिये यांना स्तनपान करणाऱ्या बाळाच्या विष्ठेत बेचक्याच्या आकाराचा एक जीवाणू आढळला. त्याला ‘बिफिडस’, म्हणजे दुभंगलेला, असे नाव पडले. एशरिख यांचे शिष्य एर्न्स्ट मोरो यांनीही त्याच सुमारास अंगावर पिणाऱ्या व वरचे दूध पिणाऱ्या बाळांच्या आतड्यांतील जीवाणुसृष्टी निरनिराळी असते असे दाखविले. पहिल्या प्रकारच्या बाळांत बिफिडसचे जणू एकछत्री राज्य असते. तो आम्ल निर्माण करतो आणि त्या आम्लात पुष्कळ उपद्रवी जीवाणूंना थारा मिळत नाही.

पण बिफिडसला आईच्या दुधातील कोणता पदार्थ मानवतो, हे वैद्यांना ठाऊक नव्हते. तिकडे रसायनशास्त्रज्ञ वेगळ्याच वाटेने चालले होते. स्त्रीच्या दुधातील शर्करा गाईच्या दुधातील शर्करेहून भिन्न आहे, असे एशबाख यांनी १८८८ मध्येच नोंदविले होते. १९३० नंतर फ्रान्समध्ये पोलोनोव्स्की आणि लेस्पान्यॉल यांनी तो निराळा भाग वेगळा काढून त्यास ‘गायनोलॅक्टोज’ म्हटले. तो एक पदार्थ नसून मिश्रण आहे, हेही ध्यानात आले. मात्र या मिश्रणाचा उपयोग काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. एकाच घराच्या पुढच्या आणि मागच्या दारी दोन माणसे उभी असावीत आणि एकमेकांस हाक मारू नये, तसे हे झाले.

ती हाक मारली पॉल ग्यॉर्गी यांनी. १८९३ मध्ये हंगेरीत जन्मलेले हे ज्यू बालरोगतज्ज्ञ १९२० पासून हायडेलबर्ग येथे मोरो यांच्या हाताखाली काम करीत होते. म्हणजे एशरिख यांच्या परंपरेतील ही तिसरी पिढी. त्याच गावी रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कून होते. या दोघांनी मिळून ‘रिबोफ्लेविन’ या जीवनसत्त्वाचे संशोधन केले. १९३३ मध्ये हिटलरची सत्ता आली आणि ग्यॉर्गी यांना जर्मनी सोडावी लागली. केंब्रिजमार्गे ते अमेरिकेस गेले. कून मागे राहिले. त्यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, पण सरकारने ते स्वीकारू दिले नाही. परंतु त्यांची केवळ कीव करून भागत नाही. आपल्या संस्थेतील ज्यू सहकाऱ्यांविषयी त्यांनीच सत्ताधाऱ्यांस कळविले होते, आणि १९४४ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत ‘सोमान’ हा प्राणघातक विषारी पदार्थ सिद्ध झाला.

असे असूनही १९५४ मध्ये बिफिडस वाढविणाऱ्या घटकाविषयी जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर ग्यॉर्गी आणि कून या दोघांचीही नावे आहेत. ग्यॉर्गी यांच्यापाशी फक्त स्त्रीच्या दुधावर जोमाने वाढणारा जीवाणू होता. कून यांच्यापाशी शर्करांची रचना उकलण्याचे कसब होते. परागंदा झालेला वैद्य आणि राजवटीशी जुळवून घेतलेला पंडित एका दुधाच्या थेंबाभोवती पुन्हा एकत्र आले. इतिहास सांगताना यातील एक बाजू झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही २००५ मध्ये कून यांच्या नावाचे पदक देणे थांबविण्याचा निर्णय घेतला.

उत्तर मिळाले ते असे. बाळाला न पचणारी ही साखर तशीच मोठ्या आतड्यापर्यंत पोचते आणि तेथे बिफिडसचे अन्न होते. आई एकाच वेळी बाळाला आणि बाळाच्या पोटातील पाहुण्यांनाही जेवू घालते! गाईच्या दुधात हे जेवण फारच तुटपुंजे असते. तिच्या चिकात या शर्करा लिटरला सुमारे १ ग्रॅम असतात, आणि थोड्याच दिवसांत त्याचाही अल्पसा अंश उरतो. शेळीच्या दुधात त्या गाईच्या दुधापेक्षा अधिक, तरी स्त्रीच्या दुधाच्या मानाने थोड्याच. प्रकारही निराळे: स्त्रीच्या दुधात ‘फ्यूकोज’ जोडलेल्या शर्करा बहुसंख्य, तर गाईच्या दुधात ‘सायलिक आम्ल’ जोडलेल्या.

येथे आपल्याकडील एक चाल आठवते. गाय-म्हैस व्याली की चीक शेजारीपाजारी वाटायचा, त्याचा खरवस आवडीने खायचा. पण बाळंतिणीचा पिवळसर चीक मात्र जड म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, असे पुष्कळ घरांत चाले. नेमक्या त्याच चिकात या शर्करा सर्वांत अधिक, लिटरला २० ग्रॅमच्याही वर, असतात.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी बिफिडसच्या ‘इन्फँटिस’ या जातीची संपूर्ण जनुकसंहिता प्रसिद्ध केली, तेव्हा या शर्करा आत ओढून घेऊन फोडण्याची सिद्ध सामग्रीच तिच्यात आढळली. २०१६ पासून यांपैकी एक शर्करा कारखान्यात तयार करून बाळांच्या डब्यातील दुधात घातली जाऊ लागली. ती बनविण्यासाठी जनुकांत फेरफार केलेला जो जीवाणू अनेक ठिकाणी कामास लावतात, तो एशरिख यांचाच कोलाय होय. आईच्या दुधात अशा शर्करांचे दीडशेहून अधिक प्रकार मोजले गेले आहेत. त्यांतील कारखान्यात बनतात ते मोजकेच.