नाव, गट आणि उतारा : २०१७ ची यवतमाळ विषबाधा

औषधशास्त्रात एकाच द्रव्यास तीन नावे असतात. रासायनिक नाव रेणूची रचना सांगते, सामान्य नाव द्रव्याची ओळख देते आणि व्यापारी नाव विक्रीसाठी असते. जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या शतकाच्या मध्यास औषधांच्या सामान्य नावांची आंतरराष्ट्रीय पद्धती रूढ केली. तीत नावाचा एखादा अंश गट दर्शवितो. ‘सिलिन’ हा शेवट आला की द्रव्य पेनिसिलिनच्या कुळातील हे कळते. विद्यार्थी हा भाग बहुधा परीक्षेपुरता पाठ करतात. कीटकनाशकांनाही अशीच तिहेरी नावे आहेत, आणि २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात त्यांवर माणसांचे प्राण अवलंबून राहिले.

त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. सुमारे २० जण दगावले. शासनाने पुढे यवतमाळसह पश्चिम विदर्भात काही कीटकनाशकांची विक्री तात्पुरती थांबविली. त्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थ्युरॉन, तसेच प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन व फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही मिश्रणे होती.

ही यादी वर्गीकरणाचा पाठच आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस व ॲसिफेट ही सेंद्रिय फॉस्फरस गटातील द्रव्ये. (ॲसिफेटच्या नावात ‘फॉस’ नाही, म्हणजे नावाची खूणही नेहमी पुरत नाही.) ती ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर निकामी करतात. परिणामी ॲसिटिलकोलिन साचते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ व घाम वाहतो, श्वास कोंडतो. १८३० च्या दशकात बेलाडोना वनस्पतीतून वेगळे केलेले ॲट्रोपिन ग्राही अडवून यावर उतारा ठरते, मात्र स्नायूंच्या दुर्बलतेवर ते चालत नाही. तेथे १९५० च्या दशकात पुढे आलेले प्रॅलिडॉक्सिम विकर मोकळे करण्यासाठी दिले जाते. डायफेन्थ्युरॉन, फिप्रोनिल वा इमिडाक्लोप्रिड यांना असा विशिष्ट उतारा नाही. तेथे ॲट्रोपिनचा अतिरेक स्वतःच विषारी ठरू शकतो.

कीटकनाशक कायदा १९६८ चा व त्याचे नियम १९७१ चे. या नियमांनुसार डब्यावर लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे तोंडावाटे मारक मात्रा किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅम. परंतु रंग विषाची तीव्रता सांगतो, जात सांगत नाही. उतारा ठरतो जातीवरून. सामान्य नाव व उताऱ्याची माहिती डब्यावर आणि सोबतच्या पत्रकात असते खरी, पण रोजंदारीवरच्या मजुराच्या हाती बहुधा द्रावण भरलेला पंप येतो, डबा नव्हे. नाव कळलेच तर ते दुकानात चालणारे व्यापारी नाव.

अशा वेळी डॉक्टरांना उलट वाटेने, लक्षणांवरून गटाकडे जावे लागते. बारीक बाहुल्या व वाहती लाळ दिसली की सेंद्रिय फॉस्फरसचा संशय घेऊन ॲट्रोपिन सुरू होते. पंपात दोन-तीन द्रव्ये एकत्र ढवळलेली असली, की लक्षणांची ही सरमिसळ उलगडणेही कठीण होते.