सार्वजनिक वास्तूंतील अपंगांचा प्रवेश : एका अटीचा इतिहास

स्वतंत्र भारतातील अपंगविषयक कायद्यांचा विचार बहुधा त्यांनी काय दिले या अंगाने केला जातो. देताना कोणती अट घातली, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच वळते. प्रस्तुत लेखात अशाच एका अटीचा मागोवा घ्यावयाचा आहे.

१९९५ साली संसदेने संमत केलेला व ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आलेला कायदा हा या विषयावरील पहिला सर्वंकष कायदा होय. वाहतूक, रस्ते आणि इमारती यांसंबंधीची त्याची ४४ ते ४६ ही कलमे तपशिलाच्या दृष्टीने समाधानकारक आहेत. सार्वजनिक इमारतींना व रुग्णालयांना उतरणी, चाकांच्या खुर्चीवरील माणसास वापरता येतील अशी शौचालये, उद्वाहकांत ब्रेल चिन्हे, चौकांत ध्वनिसंकेत, असे बरेच काही त्यांत आले आहे. परंतु या तिन्ही कलमांत एकच वाक्यांश आढळतो. ही कर्तव्ये संबंधितांनी आपली आर्थिक कुवत व विकास यांच्या मर्यादेत पार पाडावीत, असा त्याचा आशय. कुवत ठरवावयाची कोणी? तर ज्याने खर्च करावयाचा त्यानेच. ऋणकोनेच फेडीची मुदत ठरवावी, तशातला हा प्रकार.

ही अट अपरिहार्य होती असे मात्र म्हणता येत नाही. त्याच कायद्याचे ३३ वे कलम शासकीय आस्थापनांत किमान ३ टक्के पदे राखून ठेवण्यास सांगते. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकू नये, असे ४७ वे कलम सांगते. विशिष्ट आस्थापनांना सूट देण्याची सोय तेथेही आहे, पण कुवतीचा उल्लेख नाही. म्हणजे कचेरीतील जागा हक्काची, आणि त्या जागेपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र सवडीची! मराठीत ‘पायरी’ हा शब्द दर्जाच्या अर्थानेही रूढ आहे, हे या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही.

कुवतीच्या या सबबीत किती तथ्य होते, हे जानेवारी २००१ मध्ये दिसून आले. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईतील एका परिषदेसाठी आले व पुढे दिल्लीस गेले. अपंगांच्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी आग्रह धरल्यावर कुतुबमिनार, जंतरमंतर अशा स्मारकांत त्यांच्या खुर्चीसाठी लाकडी उतरणी टाकण्यात आल्या. त्या तात्पुरत्या होत्या. कायदा अमलात येऊन तोवर जवळजवळ पाच वर्षे लोटली होती. अडचण केवळ पैशाची असती, तर एका पाहुण्यासाठी ती इतक्या सहज दूर होती ना.

२०१६ च्या नव्या कायद्याने (शासकीय मराठीत ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला तो याच सुमारास) प्रवेशाच्या कलमांतून कुवतीची भाषा काढून टाकली. नियमांना धरून नसलेल्या बांधकामास परवानगी देऊ नये, असे त्याचे ४४ वे कलम सांगते. नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांच्या आत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम कराव्यात, असे ४५ वे. नियम जून २०१७ मध्ये निघाले. परंतु कलमांतून गेलेली सवलत नियमांच्या वाटेने परत आली. १५ व्या नियमाने विविध खात्यांच्या मार्गदर्शक सूचनांचीच यादी दिली, आणि त्यांतील पुष्कळशी भाषा शिफारशीची होती. जो नियम मोडला असे म्हणताच येत नाही, त्याच्या आधारे परवानगी नाकारावयाची कशी?

राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तीवर १५ डिसेंबर २०१७ रोजी विस्तृत निर्देश देण्यात आले. त्यांच्या अंमलबजावणीचा विचार चालू असताना सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी १५(१) हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला, आणि सक्तीच्या किमान अपेक्षा वेगळ्या काढून तीन महिन्यांत नवे नियम करण्यास केंद्र शासनास सांगितले. क्रमाक्रमाने साधावयाची प्रगती न्यायालयाने अमान्य केली नाही. तिच्याखाली एक तळरेषा असली पाहिजे, एवढेच ठरविले. जुन्या इमारतींसाठी कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत तोपर्यंत, २०२२ च्या जूनमध्येच, उलटून गेली होती.