लाकडाचा घोडा आणि लाकडाचा मल्ल

गेल्या पावसाळ्यात भाईंदरला आमच्या शाळेत एका विद्यार्थिनीची आई मला भेटायला आली. मुलगी सातवीतली, दोन वर्षे मल्लखांब करते. बाई म्हणाल्या, "सर, हिला मल्लखांबातून काढते नि जिम्नॅस्टिक्सला घालते. ते ऑलिंपिकमध्ये तरी आहे!"

मी इतिहास शिकवणारा माणूस. मल्लखांबावर माझी स्वतःची मजल अढीपलीकडे कधी गेली नाही. त्यामुळे उत्तर चटकन सुचले नाही. पण घरी आल्यावर तो 'तरी' मनाला टोचत राहिला.

जिम्नॅस्टिक्समध्ये पुरुषांसाठी 'पॉमेल हॉर्स' नावाचे एक साधन असते. डोके नाही, शेपूट नाही, पाठीवर दोन कड्या. त्याला घोडा का म्हणावे? तर तो मुळात घोडाच होता म्हणून! रोमन लष्करात नवशिके शिपाई लाकडी घोड्यावर चढण्या-उतरण्याचा सराव करीत. पुढे नेपोलियनने प्रशियाचा पाडाव केला, तेव्हा फ्रीडरिश यान नावाच्या एका शिक्षकाने १८११ साली बर्लिनच्या हाझेनहाइड मैदानावर तरुणांसाठी उघड्यावरची तालीमच काढली. घोडा, आडवा दांडा, समांतर दांड्या यांना तिथे बरकत आली. कालांतराने घोडदळे गेली, लाकडी घोडा मात्र राहिला, आणि १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये त्यावर पदकेही मिळू लागली.

आता आपला मल्लखांब पाहा. जोडीदार नसताना पैलवानाने ज्याच्याशी झोंबावे असा हा लाकडी मल्ल. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त त्याचा उल्लेख आहे. पण त्याला नवे आयुष्य दिले ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी. आख्यायिका अशी, की निजामाकडचे अली आणि गुलाब हे पैलवान पुण्याला आव्हान देत आले. कोवळ्या बाळंभटाने मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीपुढे साधना केली आणि मारुतीने दृष्टांतात त्याला खांबावरचे डाव दाखवले. परत येऊन त्याने अलीला चीत केले. दृष्टांत बाजूला ठेवू; पण अढी घालताना खांब पायांनी आवळावा लागतो, बगलीत काखेने. समोर हाडामांसाचा मल्ल असता तरी याहून वेगळे काय केले असते?

यान आणि बाळंभट समकालीन. एकाचा घोडा, दुसऱ्याचा मल्ल. दोन्ही लाकडाचे, दोन्ही लढाईच्या तयारीचे. पण यानच्या देशाचे पुढे साम्राज्य झाले, आणि बाळंभटांच्या धन्याचे राज्य १८१८ साली बुडाले. नियमांची पुस्तके कोणी लिहिली, हे का सांगायला हवे?

मौज अशी, की आपल्या तालमीतला मुद्गल ऑलिंपिकला जाऊन आला आहे. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी तो इथे पाहिला, हलका केला आणि 'इंडियन क्लब' म्हणून विलायतेस नेला. १९०४ साली सेंट लुईसला आणि १९३२ साली लॉस एंजेलिसला त्याच्या स्पर्धा झाल्या. दुसऱ्या खेपेचे सुवर्णपदक जॉर्ज रॉथ या बेकार अमेरिकन तरुणाने नेले. पुढे ती स्पर्धाच बंद पडली.

मल्लखांबही बर्लिनपर्यंत पोचला होता. १९३६च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी तिथे गेली आणि त्यांनी आपले देशी खेळ करून दाखवले. यानच्याच गावात! टाळ्या मिळाल्या, पदकांच्या यादीत जागा नाही. २०१९ साली मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिला पंधरा देशांतले खेळाडू आले.

माझ्या मते एवढी पुण्याई पुरेशी आहे. न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत वाढलेले ब्रेकिंग नृत्य पॅरिसने २०२४ साली ऑलिंपिकमध्ये घेतलेच की! अर्थात २०२८च्या लॉस एंजेलिसच्या यादीत ते नाही. यजमानाची मर्जी, दुसरे काय! २०३६च्या यजमानपदासाठी भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेतुपत्र दिले आहे. बर्लिनला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होतील.

बाईंना पुन्हा बोलावून मी ही सगळी घोड्याची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "सर, २०३६ला ही केवढी असेल हो?"

उत्तर दारातून आले. मुलगी केव्हाची तिथे उभी होती. हातांना एरंडेलाचा वास. तिने बोटांवर मोजून ठेवले होते.

"दिवाळीपर्यंत राहू दे," बाई म्हणाल्या, "मग बघू."