दमदमचा खलाशी आणि शिशाची भट्टी

१८५७ चा उठाव शिकवायला घेतला की वर्गातून हमखास एक प्रश्न येतो : "सर, त्या खलाशाचे नाव काय?" प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. कलकत्त्याजवळ दमदम येथे दारूगोळ्याच्या कोठारात राबणाऱ्या एका 'हलक्या जातीच्या' खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने जात पुढे करून नकार दिला. त्यावर खलाशी म्हणाला की, तुझी जात आता फार दिवस टिकायची नाही. गाईच्या आणि डुकराच्या चरबीने माखलेली काडतुसे तुला लवकरच दातांनी तोडावी लागतील. कॅप्टन राइट यांनी २२ जानेवारी १८५७ रोजी ही हकीकत वरिष्ठांना लिहून कळविली, आणि जनरल हिअर्सी यांनी ती पुढे पाठविली. राइट आणि हिअर्सी इतिहासात राहिले. खलाशी नुसता खलाशी राहिला. उत्तरेकडील दलित लोकेतिहासाने पुढे त्याला मातादीन भंगी हे नाव दिले. त्या नावामागची भूक मला समजते. तरी राइटच्या पत्रात नाव नाही, हे विद्यार्थ्यांना सांगणे इतिहासाचा शिक्षक म्हणून मला भागच आहे.

आमच्या इतिहासलेखनाने मात्र या माणसाचा उपयोग फक्त आगकाडीसारखा केला. त्याने टोमणा मारला, अफवा पसरली, पुढचा इतिहास शिपायांचा! त्याला हे ठाऊक कसे होते, असा प्रश्न कोणी विचारत नाही. मला तो विचारावासा वाटतो, कारण माझ्या वडिलांच्या सेवापुस्तिकेत हुद्दा आहे, 'खलाशी'. रेल्वेच्या एका कारखान्यात बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतण्याच्या विभागात त्यांची उमेद गेली. शिसे कसे वितळते हे मी पुस्तकातून नव्हे, त्यांच्याकडून शिकलो.

शिसे ३२७ अंशांवर वितळते. लोखंडाच्या मानाने हा ताप काहीच नाही. म्हणून बंदुकीच्या काळात गोळी ओतायला मोठा कारखाना लागत नसे. भट्टी, लोखंडी कढई, पळी आणि साचा एवढे असले की झाले. पण सोपे दिसते तितके ते सोपे नाही. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात. रस फार तापला तर वर करडी मळी झपाट्याने धरते आणि धूर विषारी होतो. वडील कागदाची सुरळी रसात बुडवीत : ती तपकिरी झाली तर ठीक, पेटली तर आच कमी करायची. मळी सरसकट काढून फेकली की शिसे वाया जाते. म्हणून मेणाचा किंवा चरबीचा तुकडा टाकून ढवळतात, मळीतले बरेच शिसे परत रसात उतरते, आणि उरलेला कचरा तेवढा निपटून घ्यायचा. कढई रिकामी झाली की घासून घ्यायची, तळ पातळ झाला आहे का ते बघायचे. गोठलेल्या कढईला नुसती खालून आच दिली तर तळचे शिसे आधी वितळते, वरची साय फुटत नाही, आणि रस उसळून अंगावर येतो. हे सारे ज्ञान होते. त्याला कोणी विद्या म्हटले नाही, एवढेच.

आणि पाणी. ओल्या पळीवरचा एक थेंब रसात बुडाला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसे चहूकडे उडते. म्हणून पाण्याचे भांडे भट्टीपासून लांब. घशाला कोरड पडली तरी ओतणे संपेपर्यंत थांबायचे. वडिलांना कारखान्यातून गूळ मिळे. शिशाचे विष गुळाने उतरते असा समज होता. शिशाने पोटात कळा येतात, हिरड्यांवर निळसर रेघ उमटते, मनगट लुळे पडते. गुळाने यातले काहीच थांबत नाही. लांबवरच्या त्या माठातले पाणी सुरुवातीच्या वर्षांत एक सहकारी वरून ओंजळीत ओतत असे, हेही वडिलांनी मला एकदाच सांगितले, दुसऱ्यांदा नाही.

आता काडतुसाकडे वळू. जुन्या ब्राउन बेस बंदुकीची गोळी साध्या साच्यातली, गोल, नळीत सैल बसणारी. नवी एनफिल्ड रायफल १८५३ च्या नमुन्याची. तिच्या नळीत पीळ होता. तिची लांबट गोळी मऊ, शुद्ध शिशाची लागे, कारण बार उडताच तिचा पोकळ बुडखा फुगून पिळात बसायचा. ती साच्यात ओतण्याऐवजी इंग्लंडात वुलिच येथे यंत्रावर दाबून काढीत. अशी गोळी दारूची काजळी धरलेल्या नळीत ठासायची म्हणजे वंगण हवेच. कागदी काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी आणि मेण लागले ते या गरजेतून. धर्म बुडवण्याच्या कटाची चर्चा करणाऱ्यांनी शिशाचा हा गुण क्वचितच लक्षात घेतला.

चरबी ठेकेदाराकडून येई, आणि ती कोणत्या जनावराची याची चौकशी होत नसे. हे पुढे सरकारी चौकशीतच कबूल झाले. १८५३ सालीच बंगाल लष्करातील कर्नल टकर यांनी या वंगणाबद्दल इशारा दिला होता. तो फायलीत पडला. म्हणजे कर्नलने लिहिलेले कोणी वाचले नाही, आणि खलाशी बोलला ते आठवड्याभरात बराकपूरच्या छावणीपर्यंत पोचले. तो खलाशी भट्टीवर होता की पेट्या वाहत होता, पत्र सांगत नाही. पण कोठारात जे येई ते त्याच्यासारख्यांच्याच हातांखालून जाई. त्याचे बोलणे मला अफवा वाटत नाही. कामगाराची साक्ष वाटते. जातीने त्याच्यावर लादलेल्या कामानेच त्याला ते दाखविले होते, जे शिपायाला सोवळ्यामुळे दिसत नव्हते.

कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' लागलेली नावे आहेत. बंदूक चालवणाऱ्या आमच्या माणसांना निदान दगडाने आठवणीत ठेवले. त्या बंदुकांसाठी शिसे वितळवणाऱ्यांचा स्तंभ कुठे उभा आहे?

मागच्या दिवाळीत दमदमची ही हकीकत मी वडिलांना सविस्तर सांगितली. राइटचे पत्र, चरबी, एनफिल्ड, सगळे. मेरठ, दिल्ली, मंगल पांडे यांविषयी त्यांनी काही विचारले नाही. बराच वेळ आपले मनगट चोळत बसले. मग म्हणाले,

"मंग त्याला पानी भेटलं का न्हाई कुनाकडनं?"

मी राइटचे पत्र पुन्हा काढून पाहिले. त्यात ते नाही.