हाडाने आपली मानलेली काच

मोडलेले हाड बसवून, बांधून स्वस्थ ठेवले तर ते पुन्हा सांधते, हे आमच्या गावोगावच्या हाडवैद्यांनाही ठाऊक होते. खरी अडचण येते ती हाडाचा तुकडाच नाहीसा झाला तर. ती पोकळी भरावयाची कशाने?

डच शस्त्रवैद्य योब फान मेकेरन याच्या 1668 च्या ग्रंथात एक हकीकत आहे. एका रशियन सरदाराच्या कवटीतील खळगा कुत्र्याच्या हाडाने भरण्यात आला. धर्मपीठाने त्याला बहिष्कृत केले तेव्हा बिचारा तो तुकडा काढून टाका म्हणू लागला; पण जखम इतकी भरून आली होती की तो निघेना! 1892 मध्ये जर्मनीत ड्रेसमान याने अशा पोकळ्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरून पाहिले. पुढे धातू व प्लास्टिके आली. शरीराशी काहीही व्यवहार न करणारा पदार्थ तो उत्तम, असे तेव्हा सर्वांनी धरले होते. शरीर मात्र अशा अलिप्त पाहुण्याभोवती तंतूंचे कुंपण घालून त्याला परकाच ठेवी.

1967 साली अमेरिकेत लॅरी हेंच हे काचविद्येचे तरुण प्राध्यापक एका परिषदेस बसने निघाले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेले एक कर्नल होते. किरणोत्सर्गात टिकणाऱ्या पदार्थांची माहिती ऐकून कर्नलनी विचारले, माणसाच्या शरीरात टिकेल असे काही करता येईल काय? जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागत होते. प्रश्न सहज गप्पांतला नव्हता.

हेंच यांनी विचारच उलटा केला. हाडात चुना आणि फॉस्फेट असते, मग तेच काचेत का घालू नये? 1969 मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठात काच तयार झाली: शेकडा 45 भाग सिलिका, साडेचोवीस सोडा, साडेचोवीस चुना, 6 फॉस्फरस पेंटॉक्साइड. खिडकीची काच करणारा कारागीर हिला टाकाऊ म्हणेल, कारण ती पाण्यात हळूहळू झिजते. पण तिचा गुण तोच! अंगातील द्रवात सोडियम बाहेर पडते, पृष्ठावर सिलिकेचा मऊ थर उरतो, त्यावर चुना व फॉस्फेट बसून हाडातल्यासारखेच खनिज तयार होते आणि नव्या हाडाचे तंतू त्यात गुंततात. ग्रीनली या शस्त्रवैद्यांनी उंदरांच्या मांडीच्या हाडात तिचे तुकडे बसविले. सहा आठवड्यांनी ते ओढून, ढकलून निघेनात. मेकेरनच्या सरदाराचे आम्हांस येथे स्मरण होते.

तथापि काच ती काच. ती ठिसूळ, पायाचा भार तिला पेलत नाही. म्हणून 1985 मध्ये अमेरिकेत प्रथम मान्यता मिळाली ती कानातील चिमुकल्या हाडांच्या जागी वापरण्यास, आणि 1993 मध्ये दातांभोवतीच्या हाडासाठी तिची पूड आली. ज्यांच्यासाठी प्रश्न निघाला त्या सैनिकांच्या मांडीपर्यंत ती पोचली नाही, हे विसरता येत नाही.

2001 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हेंच, ज्युलिया पोलाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, काचेतून झिरपणारे क्षार हाड घडविणाऱ्या पेशींतील जनुकांनाही जागे करतात. तेव्हापासून सच्छिद्र काचेचा सांगाडा करून त्यावर हाड वाढविण्याचे प्रयत्न अधिक जोमाने चालू आहेत. छिद्रे वाढवावीत तर बळ कमी होते, बळ वाढवावे तर पेशी व रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत. त्यामुळे मोठी पोकळी भरावयाची असली म्हणजे शस्त्रवैद्य आजही पुष्कळदा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून तुकडा काढून घेतात.