ड्रायसूट डायव्हिंग

ड्रायसूट डायव्हिंग : अंगाला पाणी लागू न देणारा बंदिस्त पोशाख घालून थंड पाण्यात केलेले स्कूबा डायव्हिंग. पाणी साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की बहुतेक डायव्हर या पोशाखाकडे वळतात. नावावरून तो रेनकोटाचा थोरला भाऊ वाटतो. पण कोरडे ठेवणे हे त्याचे अर्धेच काम आहे. पोशाखात हवा कोंडलेली असते. तीच ऊब देते, खाली जाताना आक्रसते, वर येताना फुगते आणि दुर्लक्ष झाले तर डायव्हरचे पाय वर आणि डोके खाली करून मोकळी होते. ड्रायसूट शिकणे म्हणजे मुख्यतः ही हवा सांभाळायला शिकणे.

पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. मालवण-तारकर्लीला किंवा कर्नाटकातल्या नेत्राणीला शिकलेल्या मराठी डायव्हरला हे फारसे जाणवत नाही. तिथले पाणी बहुधा २५ अंशांच्या पुढे असते आणि तीन मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे पाणी आत येऊ देणारा रबरी पोशाख, कित्येकदा खडकांना खरचटू नये एवढ्यासाठीच घातला जातो. तोच डायव्हर नोकरीनिमित्त इंग्लंडला गेला आणि लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्ह या पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत ऐन हिवाळ्यात उतरला, तर पहिल्या दहा मिनिटांतच त्याला बोटांची टोके परकी वाटू लागतात. प्रश्न नुसत्या कुडकुडण्याचा नाही. बधिर बोटांना बकल सापडत नाही, झडपेचे बटण दाबले की नाही ते कळत नाही, आणि गारठलेला माणूस निर्णय उशिरा घेतो.

वेटसूट इथे कमी पडतो त्याचे कारण त्याच्या कापडातच आहे. निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुड्यांनी भरलेले रबर. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. त्यासरशी बुडबुडे चेपतात आणि सूट पातळ होतो. म्हणजे जिथे थंडी जास्त, नेमके तिथेच पांघरूण विरते. ड्रायसूटमध्ये खोलीवर गेल्यावर हवा पुन्हा भरता येते, म्हणून आतल्या कपड्यांचा फुगीरपणा टिकतो.

इतिहास : कोरड्या पोशाखाची कल्पना वेटसूटपेक्षा कितीतरी जुनी आहे. फिनलंडमधल्या राहे गावच्या संग्रहालयात १८ व्या शतकातला कातड्याचा पाणबुडा पोशाख जपून ठेवलेला आहे. गावकरी त्याला ‘वान्हा हेर्रा’, म्हणजे म्हातारबुवा, म्हणतात. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ऑगस्टस सीबे या जर्मन कारागिराने १८३० च्या दशकात पितळी शिरस्त्राणाला जोडलेला बंद पोशाख तयार केला. स्पिटहेडजवळ १७८२ साली बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेच्या अवशेषांवर १८३९ पासून जे काम चालले, त्यात तो चांगलाच उपयोगी पडला. जुन्या चित्रांत गोल काचेच्या खिडक्यांचे शिरस्त्राण घातलेला जो पाणबुड्या दिसतो, त्याचा पोशाख म्हणजे एक प्रकारचा ड्रायसूटच. दुसऱ्या महायुद्धात मानवचलित पाणतीरांवर स्वार होणारे ब्रिटिश पाणबुडे स्लेडन सूट घालत. त्यांनीच त्याला ‘क्लॅमी डेथ’ असे नाव ठेवले होते. गार, चिकट मरण असा त्याचा अर्थ घेता येईल. घालणाऱ्यांचे मत त्यात पुरेसे स्पष्ट आहे.

ऊब हवी तर कोरडेच राहिले पाहिजे, हा समज १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी मोडला. ऊब बुडबुड्यांत असते, कातडी ओली असली तरी चालते, हे त्यांनी ओळखले आणि वेटसूट जन्माला आला. त्यानंतर हौशी डायव्हरांनी ड्रायसूट काही काळ बाजूलाच ठेवला. तो परत आला तो पाणी आणि हवा दोन्ही अडवणाऱ्या झिपमुळे आणि सिलिंडरमधली हवा बटण दाबताच आत सोडणाऱ्या झडपेमुळे. स्वीडनच्या पोसायडन कंपनीचा निओप्रीनचा ‘युनिसूट’ त्या पिढीतला सर्वांत नावाजलेला.

रचना : आज मुख्यतः दोन जातींचे सूट दिसतात. ट्रायलॅमिनेट म्हणजे दोन कापडांमध्ये ब्यूटिल रबराचा थर दाबून केलेला सूट. तो हलका असतो, लवकर वाळतो, पण स्वतः जवळजवळ काहीच ऊब देत नाही. निओप्रीनचा सूट अंगासरशी बसतो आणि थोडी ऊब देतो. मात्र वजनदार असतो, वाळायला वेळ घेतो आणि खोलीवर चेपतो. आधीच चेपून घट्ट केलेल्या निओप्रीनचे सूट या दोहोंच्या मधले. प्रवास करणाऱ्याने ट्रायलॅमिनेट घ्यावा. विमानात सामान तोलताना निओप्रीनचा मोह आपोआप उतरतो.

सूट पाणी अडवतो तो मान आणि मनगटांपाशी. तिथे लॅटेक्स, सिलिकॉन किंवा निओप्रीनचे सील असतात. मानेचे सील पहिल्यांदा डोक्यावरून ओढताना माणूस हमखास घाबरतो. नाक मुडपते, कान दुमडतात, क्षणभर अंधार होतो आणि श्वास कोंडल्यासारखा वाटतो. युक्ती अशी की दोन्ही हातांची बोटे आतून सरळ घालून सील रुंद करायचे आणि हनुवटी छातीला टेकवून डोके एकदम वर काढायचे. लॅटेक्सला आधी टाल्कम पावडर लावावी आणि अंगठी, घड्याळ, कानातले काढून ठेवावे. नखाने फाटलेल्या सीलमुळे अख्खा दिवस वाया जाऊ शकतो. सील घट्ट हवे, पण फास नको. मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब आला तर घेरी येते, म्हणून नवीन सील गळ्याच्या मापाने एकेक कडी कापून सैल करतात. एकदा जास्त कापले की ते परत जोडता येत नाही.

हवा आत सोडायची झडप छातीवर असते. तिला रेग्युलेटरच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब उतरवणाऱ्या यंत्राच्या, पहिल्या टप्प्याकडून वेगळी नळी येते. हवा बाहेर सोडायची झडप बहुधा डाव्या दंडावर असते. ती त्या वेळी सर्वांत उंचावर असली तरच काम करते, कारण हवा वरच जाणार. सबंध प्रशिक्षणातल्या निम्म्या चुका एवढीच गोष्ट विसरल्यामुळे होतात.

आतले कपडे : ऊब मुख्यतः सूटमध्ये नसते, आतल्या कपड्यांत असते. अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा घाम पुढे ढकलणारे कृत्रिम कापड, त्यावर थिन्सुलेट वा तत्सम भरणीचा जाड अंडरसूट. सुती बनियन नको. घाम शोषून ते अंगाला ओले चिकटते. डोक्यावर निओप्रीनचा हूड लागतोच. हातमोजे ओले किंवा कोरडे, दोन्ही मिळतात. कोरड्यांत बोटे उबदार राहतात, पण बारीक कामाची अडचण होते. आणखी एका गोष्टीबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही. थंडी आणि पाण्याचा दाब या दोहोंमुळे लघवी जास्त होते आणि सूट काही वाटेत उतरवता येत नाही. नवखे त्यावर पाणीच न पिण्याचा उपाय काढतात, तो चुकीचा आहे. शरीरातले पाणी कमी झाले तर वर येताना होणाऱ्या वायुबुडबुड्यांच्या विकाराचा धोका वाढतो असे मानतात. अनुभवी लोक निमूटपणे प्रौढांचे डायपर घालतात.

पाण्यात : उतरण्यापूर्वी काठावर उकिडवे बसतात, मानेच्या सीलमध्ये एक बोट घालतात आणि गुडघे छातीशी आवळतात. जादा हवा फुस्सकन निघून जाते. मग सील नीट बसवून उठले की सूट अंगाला प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा चिकटतो.

त्यानंतर वजनांची परीक्षा. अंडरसूटमध्ये अडकलेली हवा तरंगवते, म्हणून उष्ण पाण्यातल्यापेक्षा कित्येक किलो जास्त शिसे लागते. ते अंदाजाने बांधू नये. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला सुमारे २,४०० लिटर हवा मावते आणि तिचे वजन जवळपास तीन किलो भरते. डाइव्हच्या शेवटी त्यातली बरीच संपलेली असते, म्हणजे डायव्हर दोनेक किलोने हलका झालेला असतो. म्हणून परीक्षा ५० बार उरलेल्या सिलिंडरने करावी. भरलेल्याने केली तर दोन किलो वाढवून घ्यावेत. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. सामानासह शंभर किलो भरणाऱ्या डायव्हरला तळ्यातून समुद्रात जाताना अडीच किलो जास्त लागतात. नवख्यांचा कल नेहमी जास्त शिशाकडे असतो. ते शिसे तोलायला जास्त हवा लागते, आणि जास्त हवा म्हणजे जास्त गडबड.

पहिल्या दोन-तीन मीटरांतच सूट आवळू लागतो. सगळीकडून कोणीतरी मूठ घट्ट करत आहे असे वाटते. तसेच खाली गेले तर घडीच्या जागी कातडी चिमटली जाऊन लाल वळ उठतात. छातीचे बटण थोडे थोडे दाबावे. एकदम लांब दाबू नये. आवळ सुटला की पुरे.

खरी कसोटी उथळ पाण्यात लागते. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना आतली हवा एक तृतीयांशाने वाढते, पण १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना ती दुप्पट होते. म्हणून वर येताना दंडावरची झडप पूर्ण उघडी ठेवतात आणि डावे कोपर खांद्याच्या वर धरतात. हवा पायांकडे गेली तर ती झडपेपासून लांब राहते, बूट फुगतात, फिन निसटू पाहतात आणि डायव्हर पाय वर करून पृष्ठभागाकडे निघतो. यावर उतारा असा : गुडघे पोटाशी घ्यायचे, कोलांटी मारून डोके वर आणायचे आणि लगेच झडप वर धरायची. पोहण्याच्या तलावात हे दहा वेळा करून घेतात, आणि दहाही वेळा हसू येते. खुल्या पाण्यात ती वेळ आली की तलावातल्या त्या दहा कोलांट्यांचा उपयोग कळतो.

तरंगण्याचा तोल सूटमधल्या हवेने साधावा की बीसीडीने, म्हणजे हवा भरायच्या जाकिटाने, यावर दोन पंथ आहेत. पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या अभ्यासक्रमात पाण्याखाली सूट आणि पृष्ठभागावर बीसीडी अशी विभागणी शिकवतात. दुसरा पंथ सूटमध्ये फक्त आवळ सोडवण्यापुरती हवा ठेवतो आणि बाकी बीसीडीवर सोपवतो. नवख्याला एकच झडप सांभाळणे सोपे जाते, हा पहिल्याचा मुद्दा खरा आहे. पण वजन मोजून बांधलेले नसेल तर दोन्ही पंथ सारखेच फसतात.

हवेची झडप अडकून सूट फुगतच राहिला तर नळी ओढून काढावी लागते. जाड मोजे घालून, न पाहता ती काढता येईपर्यंत सराव हवा. उलट सूट फाटून पाणी शिरले तर थंडीचा तडाखा बसतो. मात्र समजूत आहे तसा माणूस दगडासारखा बुडत नाही. पाण्यात पाण्याला वजन नसते. ते जाणवते ते शिडी चढताना.

रेग्युलेटर गोठणे हा थंड पाण्यातला आणखी एक ठरलेला त्रास. दाबातली हवा प्रसरण पावताना गार होते. पाणीच ४ अंशांचे असेल तर आत बर्फ धरते, झडप उघडी राहते आणि हवा भसाभसा वाहू लागते. युरोपीय मानकाप्रमाणे १० अंशांखालचे पाणी ‘थंड’ धरले जाते आणि तिथे चालणारे रेग्युलेटर वेगळे तपासतात. पाण्याबाहेरच्या गोठवणाऱ्या हवेत माउथपीसमधून श्वास घेऊन पाहू नये, आणि सूटचे बटण दाबणे व श्वास ओढणे एकदम करू नये. थंडीचा परिणाम वर येतानाही होतो. अमेरिकी नौदलाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तळाशी उबदार राहून वर येताना गारठलेल्यांना वायुबुडबुड्यांचा विकार जास्त झाला. डाइव्हच्या शेवटी कुडकुडू लागणे हे म्हणूनच नुसते गैरसोयीचे नसते.

प्रशिक्षण आणि ठिकाणे : पाडीच्या ड्रायसूट अभ्यासक्रमात तलावातल्या सरावानंतर खुल्या पाण्यात दोन डाइव्ह असतात. १९५३ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश सब-अॅक्वा क्लबच्या शाखांमध्ये तर अनेकजण पहिल्या धड्यांपासूनच ड्रायसूट घालतात. दोन डाइव्हांत प्रमाणपत्र मिळते, सवय लागायला पंधरा-वीस तरी लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी, हे ठिकाणे पाहिली की कळते. आइसलंडमधल्या थिंगवेतलीर राष्ट्रीय उद्यानातली सिल्फ्रा ही भेग उत्तर अमेरिकी आणि युरेशियाई भूपट्टांच्या दरम्यान आहे. लांगयोकुल हिमनदीचे वितळपाणी लाव्हाखडकांतून अनेक दशके गाळत गाळत तिथे पोहोचते. तापमान बारा महिने २ ते ४ अंश, आणि शंभर मीटरपर्यंतचे दिसते. १८ मीटरच्या खाली जायला परवानगी नाही, आणि ड्रायसूटचे प्रमाणपत्र किंवा अलीकडच्या अनुभवाची लेखी नोंद दाखवावी लागते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो येथे २१ जून १९१९ रोजी जर्मन आरमाराने स्वतःचीच जहाजे बुडवली; ७४ पैकी ५२ तळाला गेली. बहुतेक पुढे भंगारासाठी वर काढली गेली, पण तीन युद्धनौका आणि चार क्रूझर अजून तिथे आहेत. बाल्टिक समुद्रात लाकडी जहाजेही टिकतात, कारण कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा जहाजकिडा जगत नाही. १६२८ मध्ये बुडालेली ‘वासा’ ही स्वीडिश युद्धनौका १९६१ साली जवळपास अखंड वर आली ती म्हणूनच.

निगा : झिप हा सूटचा सर्वांत महाग आणि नाजूक भाग. ती मेण लावून, सरळ रेषेत, दुसऱ्या माणसाकडून ओढून घ्यावी. घाईत तिरकी ओढली की दाते वाकतात. सूट गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवावा. लॅटेक्सला ऊन आणि तेल दोन्ही सोसत नाहीत. अंग ओले निघाले तर ते गळतीने की घामाने, हे आधी पाहावे. नवख्यांची निम्मी गळती घामाचीच असते. खरी शंका असेल तर मान आणि मनगटांत डबे-बाटल्या बसवून सूट फुगवतात आणि शिवणींवर साबणाचे पाणी फासतात. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवणाऱ्या पंक्चरवाल्यासारखे बसून, बुडबुडा कुठून येतो ते पाहायचे आणि तिथे खडूने खूण करायची.