रक्ताचा एक थेंब आणि मोजलेले ताट : फेनिलकीटोन्युरियाचा इतिहास

१/ नॉर्वे, १९३४. बोर्ग्नी एगेलँड या मातेची दोन मुले, लिव्ह आणि डाग. जन्मतः दोन्ही सुदृढ. पुढे मात्र बुद्धीची वाढ खुंटली. अंगाला एक विचित्र, उग्र दर्प येई. अनेक वैद्यांचे उंबरठे झिजवून ती अखेर डॉ. आस्ब्यॉर्न फोलिंग यांच्याकडे आली.

२/ फोलिंग रसायनशास्त्राचेही जाणकार. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकताच ती हिरवी झाली. चिकाटीने शोध घेऊन त्यांनी कारण ओळखले : फेनिलपायरुव्हिक आम्ल. मग बौद्धिक अक्षमता असलेल्या ४३० जणांची तपासणी केली. आणखी ८ जणांत तोच हिरवा रंग उमटला.

३/ आजाराचे मूळ यकृतात आहे. प्रथिनांतील फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचे तेथील एक विकर टायरोसिनमध्ये रूपांतर करते. आई आणि वडील अशा दोघांकडून सदोष जनुक आले की हे विकर निकामी ठरते आणि फेनिलअ‍ॅलनिन रक्तात साचत जाते.

४/ मग मेंदू का बिघडतो? रक्तातून मेंदूत शिरताना अनेक अमिनो आम्लांना एकच दार वापरावे लागते. फेनिलअ‍ॅलनिनची गर्दी ते अडवते. टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन पुरेसे आत पोहोचत नाहीत. त्यांपासून घडणारी डोपामिन व सेरोटोनिन ही द्रव्ये घटतात. चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरणही नीट तयार होत नाही.

५/ निदान झाले, उपाय मात्र नव्हता. १९५१ साली बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात शीला जोन्स या चिमुरडीची आई डॉक्टरांना रोज गाठून उपचार मागू लागली. डॉ. होर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी दुधातील प्रथिनांचे विघटन करून, कोळशाच्या साहाय्याने त्यातले फेनिलअ‍ॅलनिन काढून टाकले. या आहाराने शीलामध्ये लक्षणीय सुधारणा झाली.

६/ हा परिणाम आहाराचाच कशावरून? डॉक्टरांनी आईला न सांगता आहारात फेनिलअ‍ॅलनिन मिसळले आणि मुलीची प्रकृती झपाट्याने ढासळली. उपचार सिद्ध झाला, पण आईचा विश्वास डावलून. पुढे तिच्या संमतीने हाच प्रयोग रुग्णालयात पुन्हा करण्यात आला.

७/ शीलाच्या मेंदूची आधीच झालेली हानी मात्र पूर्णपणे भरून निघाली नाही. म्हणजे खरा प्रश्न वेळेचा होता. लक्षणे दिसेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे.

८/ अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांच्या नात्यातील एका मुलीचे निदान वर्ष उलटल्यावर झाले होते. त्यांनी युक्ती काढली : नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घ्यायचे आणि टिपकागदावर वाळवायचे. फेनिलअ‍ॅलनिन जास्त असेल तरच प्रयोगशाळेत त्या डागाभोवती जीवाणू वाढत. १९६३ साली मॅसॅच्युसेट्सने ही तपासणी कायद्याने बंधनकारक केली.

९/ आता हा इतिहास कोकणात आणून पाहू. गुहागर तालुक्यातील हेदवी, दशभुज गणेशाचे आणि बामणघळीचे गाव. तिथल्या घरात हे पथ्य पाळायचे तर मासळी, अंडी, डाळ, कुळथाचे पिठले, दूधदुभते सारे वर्ज्य. भातही मोजून. फळे, साबुदाणा, कोकम चालेल. बाकी प्रथिनांची गरज फेनिलअ‍ॅलनिनविरहित खास पावडरीतून भागवायची. तान्ह्याला आईचे दूधही मोजूनच.

१०/ तरी फेनिलअ‍ॅलनिन शून्यावर आणता येत नाही. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही आणि वाढीसाठी ते लागतेच. म्हणून रक्त वारंवार तपासून प्रमाण ठरवावे लागते. एकेकाळी मुले शाळेच्या वयात आली की पथ्य सोडवत. अनेकांची एकाग्रता व विचारशक्ती ढासळल्याचे पुढे दिसले. आज ते आजन्म पाळण्याचा सल्ला दिला जातो. गर्भवतीने ते सोडले तर, बाळाला हा आजार नसला तरी, त्याच्या मेंदूला व हृदयाला इजा होऊ शकते.

११/ भारतात हा आजार विरळ आहे. २००८ साली गोव्याने नवजात बालकांच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात, विशेष आहाराने आटोक्यात राहणाऱ्या विकारांमध्ये फेनिलकीटोन्युरियाचा समावेश झाला. मुंबईचे केईएम रुग्णालय या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

१२/ देशातील प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी मात्र अजून होत नाही. गथ्रींच्या कागदाचे मोठेपण इथेच आहे : हेदवीतल्या बाळाला मुंबई गाठावी लागत नाही, वाळलेला थेंब टपालानेही जाऊ शकतो. फक्त तो वेळेत घेतला गेला पाहिजे.